देवळीतला डबा आणि पंधरा महिन्यांचं भाडं

सुरुवात केली तेव्हा गावात साहित्य संमेलनाची गडबड होती, फेब्रुवारी २०२४, अख्खं अमळनेर मंडपाकडे पळत होतं आणि मी वरच्या पत्र्याच्या खोलीत रास्पबेरी पायला, म्हणजे तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला, हार्डडिस्क जोडत बसलेलो. पाय पण सेकंड हँड घेतलेला, फोर मॉडेल, चार जीबी रॅमचा. माझं ऑनलाईन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे, सातबारा, पीकविमा, स्कॉलरशिप हेच दिवसभर, त्यामुळे रात्री काहीतरी स्वतःचं करावं असं वाटायचं आणि त्यातून हे खूळ डोक्यात शिरलं.

खूळ म्हणजे स्टोर्ज नावाच्या नेटवर्कचा स्टोरेज नोड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मोठ्या कंपन्यांच्या डेटा सेंटरमध्ये फायली ठेवायच्या ऐवजी जगभरातल्या लोकांच्या घरातल्या डिस्कवर थोड्या थोड्या ठेवायच्या, आणि ज्याची डिस्क, म्हणजे ज्याचा नोड, त्याला भाडं. मी चालू केलं तेव्हाचा दर एका टीबीला, म्हणजे हजार जीबीला, महिन्याला दीड डॉलर, आणि कोणी आपल्या डिस्कवरनं फाईल खाली उतरवली तर त्या टीबीला दोन डॉलर. आधी हा उतरवण्याचा दर वीस डॉलर होता म्हणे, म्हणजे मी लग्नाला पोचलो तेव्हा जेवणावळ उठली होती.

आप्पांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, हे शेअरसारखं आहे का. आता अमळनेरात हा प्रश्न सहज नसतो. विप्रो इथली, १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी म्हणून इथंच सुरू झाली, आणि ज्यांनी तेव्हाचे शेअर जपून ठेवले त्यांचं काय झालं हे गावातल्या शेंबड्या पोराला पण पाठ आहे. आमच्या आजोबांनी शेअर नव्हते घेतले, बैल घेतला होता. तो बैल आप्पा अजून विसरले नाहीत. मी म्हटलं शेअर नाही, खोली भाड्यानी दिल्यासारखं आहे. मग आईनं विचारलं, भाडेकरू कोण? मी म्हटलं माहीत नाही, आणि तो काय सामान ठेवतो ते पण मला दिसत नाही. आई म्हणाली, "मंग तू कसा मालक शे रे भाऊ?"

बरोबर होतं तिचं. ठेवणाऱ्याच्या बाजूलाच फाईल एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होते, मग तिचे ६४ एमबीपर्यंतचे भाग पडतात, आणि प्रत्येक भागाचे पुन्हा तुकडे होऊन वेगवेगळ्या नोडांवर जातात. त्यांच्या कागदांत जे उदाहरण दिलेलं असतं ते असं की ८० तुकडे वाटायचे आणि त्यातले कुठलेही २९ जमले तरी अख्खा भाग परत उभा राहतो. मी डिस्क उघडून आप्पांना दाखवलं पण, दोन दोन अक्षरी फोल्डर आणि त्यात शेवटी एसजे१ लागलेल्या फायली, उघडल्या की नुसता कचरा. कोणी वाईट काही ठेवलं तर पोलीस आपल्याकडे येतील ही त्यांची भीती त्यानं थोडी कमी झाली. आईनं मात्र हिशोब लावला. ८० मधले २९ पुरतात, म्हणजे ५१ जण झोपले तरी चालतं, मग तुझ्यावाचून कोणाचं काय अडणार आहे. याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही आणि आज पण नाहीये.

इन्स्टॉल करणं तसं अवघड नाही. पायवर चौसष्ट बिटची ओएस, त्यावर डॉकर, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर, त्यात नोडचा कंटेनर. आधी एक आयडेंटिटी बनवायची असते, म्हणजे आपल्या नोडची चावी, ती बनवताना मुद्दाम मोठी आकडेमोड करायला लावतात म्हणजे कोणी एका दिवसात हजार नोड उभे करू नये. मी हे पायवरच चालू केलं आणि झोपलो, सकाळी उठलो तर तो बिचारा अजून दळतच होता, शेवटी दुकानातल्या लॅपटॉपवर केलं आणि कॉपी करून आणलं. ही चावी हरवली तर नोड गेला, दुसरी मिळत नाही, म्हणून एक कॉपी पेनड्राईव्हवर टाकून आईच्या कपाटात दागिन्यांच्या डबीत ठेवली आहे. डबीत आता ती एकच वस्तू अशी आहे की जिचा भाव वाढत नाही.

खरी रडकथा नेटपासून सुरू झाली. बाहेरच्या जगाला आपल्या नोडपर्यंत पोचता आलं पाहिजे, त्यासाठी राउटरमध्ये २८९६७ नंबरचा पोर्ट, म्हणजे आत यायचा दरवाजा, उघडून पायकडे वळवायचा. केलं. बाहेरून तपासलं तर बंद. परत केलं, परत बंद. तीन रात्री मी राउटरच्या सेटिंगमध्ये घातल्या, फायरवॉल बंद केली, राउटर रिसेट केला, चौथ्या दिवशी लक्षात आलं की राउटरला मिळालेला आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, १०० पासून सुरू होतोय आणि बाहेर दिसतोय तो वेगळाच. म्हणजे सीजीनॅट. एका पब्लिक आयपीच्या मागे आमच्या अख्ख्या गल्लीला बसवलेलं, जसं एका नळावर वीस घरं. अशा वेळी घरात कितीही पोर्ट उघडा, दरवाजा गल्लीच्या तोंडाशीच बंद आहे. नेटवाल्या पोराला फोन केला तर तो म्हणे युट्यूब चालतंय ना भाऊ, मग काय प्रॉब्लेम आहे. त्याच्या मालकाकडे जाऊन बसलो, चहा झाला, स्टॅटिक आयपी, म्हणजे आपल्या एकट्याचा न बदलणारा पत्ता, त्याचे वर्षाला दीड हजार ठरले. इथंच खरं तर कॅल्क्युलेटर काढायला पाहिजे होतं, नाही काढला.

पोर्ट उघडला तरी डॅशबोर्डवर एक ओळ लाल, क्विक मिसकॉन्फिगर्ड. नेटवर डेटा दोन पद्धतींनी येतो, त्यातला मी फक्त टीसीपी वळवला होता, यूडीपी राहिला होता. दोन्ही लागतात, एवढं लक्षात ठेवा.

पहिली डिस्क मित्राची होती, लग्नाचे व्हिडिओ काढतो तो, त्याच्याकडची दोन टीबीची छोटी पोर्टेबल, पायच्या यूएसबीवरच करंट घेणारी. त्यावर विंडोजची फॉरमॅट, एनटीएफएस, तशीच चालवली मी आधी, आळस म्हणा. मग नोड दिवसातून चार वेळा गळपटायला लागला. लॉग बघितला तर अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड, अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड, ओळीनं जपमाळ. मी मोबाईलचा जुना चार्जर लावला होता, पायला चांगला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा लागतो, आणि त्यातून डिस्कनी पण खायचं म्हटल्यावर कसं पुरणार. चार्जर बदलला, डिस्क पुसून लिनक्सची फॉरमॅट, एक्स्टफोर, केली, म्हणजे नोड नव्यानं, चावी पण नवी, पंधरा दिवस पाण्यात. तरी डिस्क रडतच होती. या छोट्या पोर्टेबल डिस्क बऱ्याचदा एसएमआर प्रकारच्या असतात, कौलं कशी एकावर एक चढवून बसवतात तसे त्यांचे ट्रॅक, त्यामुळे मधलं एक कौल बदलायचं तर पुढची पण उचलावी लागतात. व्हिडिओ साठवायला मस्त, पण बारक्या बारक्या हजारो फायली लिहायच्या आणि पुसायच्या म्हटलं की तिचा जीव जातो. लॉगमध्ये आता डेटाबेस लॉक्ड, डेटाबेस लॉक्ड.

शेवटी सीसीटीव्ही बसवणाऱ्या एका ओळखीच्याकडून चार टीबीची कॅमेऱ्यात लावायची डिस्क घेतली, मोठी, स्वतःच्या बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारी. ती दिवसरात्र फिरायलाच बनवलेली असते. हा एक निर्णय मी बरोबर घेतला असं मला आजही वाटतं, बाकीच्यांबद्दल बोलायला नको. या वेळी मात्र चावी आणि जमलेला डेटा जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर नीट हलवला, नोड तोच ठेवला.

एप्रिल लागला आणि दुसरं संकट. आमच्याकडचा उन्हाळा मी सांगायला नको, पारा चाळीसच्या वर गेला की पत्र्याखालची खोली म्हणजे भट्टी. दुपारी दुकानातून मोबाईलवर बघितलं तर पाय ८२ डिग्री, आणि ८० च्या पुढे तो स्वतःच स्पीड कमी करतो. डिस्क ५७ वर. डिस्कला साधारण साठची मर्यादा कंपन्या सांगतात. मी घरी फोन लावला, आई, पाय खूप तापलाय. आई घाबरली, म्हणे उन्हात कशाला फिरतो, तळपायाला काशाच्या वाटीनं तूप चोळ. मी म्हटलं माझा नाही, वरचा पाय. ते तिला समजेपर्यंत ८३ झालं होतं.

कोणी म्हणालं कूलरसमोर ठेव. ओली हवा, तीही बोअरच्या खाऱ्या पाण्याची, मी नाही ठेवला. आप्पांनी मार्ग काढला. आमच्या घराचा मागचा भाग जुना आहे, धाब्याचा, लाकडी सऱ्या आणि वर मातीचा जाड थर, दीड हात जाडीच्या भिंती, तिथं मे महिन्यात पण दुपारी झोप लागते. तिथल्या भिंतीत देवळी आहे, पूर्वी कंदील ठेवायचे त्यात. आप्पा म्हणाले तिथं ठेव ना तुझा डबा. मी पायला एक बारका फॅन लावला, वरून लॅनची वायर खाली आणली आणि देवळीत मांडला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाय ६१, डिस्क ४६. पत्रा आणि धाबं यातला फरक मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, आकड्यात पहिल्यांदा बघितला.

(धाब्याचा तोटा पण आहे. माती झडते. दर आठवड्याला ब्रशनी झाडावं लागतं. आणि डिस्क ज्यात खोचलेली असते त्या डॉकला एक पाल येऊन चिकटून बसते, थंडीत तर ती हलतच नाही. तिला आता आम्ही काढत नाही.)

लाईटचं पण सांगतो. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून मी निवांत होतो, तरी लाईट गेली की पाय रीस्टार्ट व्हायचा. दिवे नुसते लुकलुकायचे, पंखा चालू, आणि नोड मात्र आडवा. दीड महिना मी एसडी कार्डाला शिव्या दिल्या, कार्ड बदललं पण. मग इन्व्हर्टरमध्ये पाणी भरायला आलेला माणूस म्हणाला, मागचं बटण नॉर्मलवर आहे, कॉम्प्युटर असेल तर यूपीएसवर करा. मागे एक बटण होतं. सहा वर्षं होतं. ते दाबल्यावर बॅटरीवर जायचा वेळ एवढा कमी झाला की पायला कळतच नाही लाईट गेली ते.

पण नेट. आपल्याकडे बॅटरी असून काय करता, चौकातल्या खांबावर नेटवाल्याचा जो डबा आहे त्याची बॅटरी किती वेळ चालणार. तासभर दम धरते, मग तो पण झोपतो आणि त्याच्यासोबत आम्ही. नियम तसे माणुसकीचे आहेत, तीस दिवसांच्या हिशोबात साठ टक्क्यांच्या खाली ऑनलाईनचा स्कोअर गेला तर नोड सस्पेंड होतो, म्हणजे बारा दिवसांची सूट झाली. पण काही तासांच्या वर गायब राहिलात की तुमच्याकडचे तुकडे हरवले असं धरून गरज पडल्यास दुसरीकडे नवीन बनवून ठेवतात, आणि परत आल्यावर तेवढं भाडं गेलं. ऑडिट मात्र कडक. मधून मधून विचारतात, अमक्या तुकड्यातला एवढा भाग दाखव. दाखवता आला नाही तर स्कोअर उतरतो, ९६ टक्क्यांच्या खाली गेला की कायमचा बाहेर. हे विचारणारे जे सर्व्हर त्यांना सॅटेलाईट म्हणतात, अमेरिका, युरोप आणि आशियाचा एकेक. आप्पा गल्लीत सांगत फिरले की पोरगा सॅटेलाईटला जोडलेला आहे, शेजारचे काका गच्चीवर डिश शोधायला आले.

एकदा थोडक्यात वाचलो. रात्री लाईट गेली ती पहाटे आली, बॅटरी पण संपलेली, आणि पाय उठला पण डिस्क उठली नाही, डॉकचं बटण दाबावं लागतं ते मला माहीतच नव्हतं. आता डिस्क नसताना नोड चालू झाला असता तर त्यानं रिकाम्या फोल्डरला आपलं घर समजून एसडी कार्डावर संसार मांडला असता, आणि सॅटेलाईटनं तुकडे मागितल्यावर एकही सापडला नसता, म्हणजे दोन-चार तासांत खेळ खलास. झालं नाही, कारण डिस्कवर एक ओळखीची फाईल ठेवलेली असते, ती दिसली नाही की नोड उठायलाच नकार देतो. ज्यानं कोणी हे लिहिलं त्याला माझ्याकडून शेवभाजीचं जेवण. डॉक मी बदलला, असा घेतला जो करंट आला की आपणहून चालू होतो.

माझं बघून चौकातल्या मोबाईलवाल्या मित्रानं पण सुरू केलं. मी नाही म्हणालो होतो, त्याला वाटलं मी जळतोय. त्यानं त्याच नेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी घेतला, आणि आमचे दोघांचे आयपी शेवटचा आकडा सोडला तर सारखे. सिस्टीम अशा शेजाऱ्यांना एकच समजते, सगळे तुकडे एकाच गावात जाऊ नयेत म्हणून, आणि बरोबरच आहे ते, इथली लाईट गेली की आम्ही दोघं सोबतच जाणार. मग जो डेटा मला येत होता तो अर्धा त्याला. महिनाभर आमचं बोलणं कमी होतं. चार महिन्यांनी त्यानं बंद केला, डिस्क विकली आणि आता मलाच सांगतो की यात काही दम नाही.

दम किती आहे ते सांगतो. सुरुवातीला प्रत्येक सॅटेलाईट तुम्हाला पारखून घेतो, शंभर ऑडिट पास होईपर्यंत थोडाच माल देतो. पहिल्या महिन्याची कमाई तीन सेंट. दुसऱ्याची अकरा. त्यातही पहिले तीन महिने ७५ टक्के ते डिपॉझिट म्हणून अडकवतात, पुढचे तीन ५०, त्यापुढचे तीन २५. म्हणजे इथं भाडेकरू मालकाकडून डिपॉझिट घेतो, आईला हे सांगितल्यावर ती हसून हसून लाल झाली. पंधरा महिन्यांनी माझ्या चार टीबीपैकी एक टीबी भरली आहे, महिन्याला दीड डॉलर त्याचे आणि वीसेक सेंट उतरवण्याचे. आजवर सगळे मिळून पावणेतेरा डॉलर, हजार-अकराशे रुपये. दुसरीकडे स्टॅटिक आयपीचे वर्षाला दीड हजार, पाय आणि डिस्क मिळून चौदाएक वॅट म्हणजे महिन्याला दहा युनिट लाईट, डिस्कचे पैसे तर मी मोजतच नाही. वर ते पैसे टोकनमध्ये, म्हणजे क्रिप्टो नाण्यात, येतात आणि टोकनच्या नफ्यावर आपल्याकडे २०२२ पासून ३० टक्के टॅक्स. आमच्या सीएला विचारलं की हे रिटर्नमध्ये कसं दाखवू, तो म्हणाला आधी आकडा सांग, आकडा सांगितला, त्यानं चहा मागवला.

म्हणून कोणी विचारलं की घ्यावं का करायला, तर नवीन डिस्क आणि पाय विकत घेऊन अजिबात नको. घरात आधीच पब्लिक आयपी असेल, चांगली डिस्क रिकामी पडली असेल, कॉम्प्युटर एरवी पण चालूच राहत असेल, तर ठीक आहे. माझं यातलं काहीच नव्हतं. तरी मी बंद करत नाही, कारण सीजीनॅट काय, एसएमआर काय, इन्व्हर्टरचं बटण काय, हे मला दुसरं कोणी शिकवलं नसतं, आणि आता गावात कोणाचा कॅमेरा बाहेरगावी मोबाईलवर दिसत नसला की मलाच फोन येतो, त्याचे मी दोनशे रुपये घेतो. एका फोनात नोडची जवळपास दीड महिन्याची कमाई.

या मे महिन्यात अडकवलेलं डिपॉझिट अर्धं परत आलं, पंधरावा महिना भरला की देतात, उरलेलं रीतसर नोड बंद केला की. आलेली रक्कम ७९ सेंट, सदुसष्ट रुपये. त्याच आठवड्यात आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला, दीड दिवस अंधार. लाईट आली तेव्हा मी दुकानात, आईचा फोन, "लाईट उनी रे भाऊ, पन तुना डबाना हिरवा दिवा लागना नही." मी म्हटलं थांब दोन मिनिटं, त्याला उठायला वेळ लागतो. ती फोन न ठेवता देवळीसमोर उभी राहिली, दोन मिनिटांनी म्हणाली लागना.

जूनमध्ये पहिला पाऊस रात्री तीनला आला. या वर्षी धाब्यावर माती टाकायचं राहून गेलं होतं, मला ते झोपेतच आठवलं आणि टॉर्च घेऊन मागे पळालो. गळत होतंच, देवळीपासून वीतभर अंतरावर. पण खाली पातेलं लागलेलं होतं, आणि डब्यावर युरियाची रिकामी गोणी धुऊन, नीट दुमडून घातलेली. फॅन पूर्ण झाकला गेला होता. मोबाईलवर बघितलं, पाय ७४. गोणी पुढून वर खोचली, हवेपुरती वाट केली, पालीला तसंच राहू दिलं आणि जाऊन झोपलो.